तीस सेकंदांचा जोर आणि जागेवरची सायकल

सोयाबीनच्या काढणीत किंवा तुरीच्या राशीवर दिवस घालवून आलेला माणूस दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, अंग आंबलंय." पाय आंबले, खांदे आंबले, कंबर आंबून गेली. आंबणे हा शब्द आपण एरवी दुधाला, पिठाला, आंबिलीला वापरतो. श्रमाने थकलेल्या अंगाला तोच शब्द कुणी आणि कधी लावला ते सांगता येणार नाही, पण रसायनशास्त्र पुढे याच शब्दाजवळ येऊन पोहोचले. स्वीडनच्या कार्ल शीले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळे काढले. तेच लॅक्टिक आम्ल, आपल्या दह्या-ताकातले. १८०७ मध्ये बर्झेलियस यांना तेच आम्ल मांसाच्या रसात सापडले. म्हणजे दह्यातले आंबट आपल्या मांडीतही तयार होते. पळाल्यावर, ओझे उचलल्यावर, कुस्ती खेळल्यावर ते वाढते.

आज मी तुम्हाला या आंबटाच्या मागे लागलेल्या लोकांची आणि एका जागेवर उभ्या असलेल्या सायकलची गोष्ट सांगणार आहे. कारण विचारणारे बरेच असतात. "डॉक्टर, जिममध्ये सायकल मारतो, पण माझी ताकद वाढली की नाही हे कसं कळणार?" चालण्याचा दम मोजायला सहा मिनिटे चालवतात, ट्रेडमिलवर पळवतात. पण एकदम लावायचा जोर, तो कशाने मोजायचा?

आधी एक फरक नीट समजून घ्या. लातूरकरांना तो सांगायला फार कष्ट पडत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे दिवस आपण काढलेत. नळाला येणारे पाणी आणि हौदात साठवलेले पाणी यांतला फरक आपल्याला पाठ आहे. नळ बारीक असला तरी चालू राहतो. हौदातून एकदम बादल्या भरता येतात, पण हौद संपतो. शरीराचेही असेच आहे. श्वासातून येणाऱ्या ऑक्सिजनवर चालणारी शक्ती म्हणजे नळ. तिला एरोबिक म्हणतात. शेतावर चालत जाणे, वारीत चालणे, तासभर सायकल चालवणे हे सगळे तिच्यावर. आणि ऑक्सिजनची वाट न पाहता स्नायूने स्वतःच्या साठ्यातून एकदम काढलेली शक्ती म्हणजे हौद. तिला अ‍ॅनएरोबिक म्हणतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही विनॉक्सिश्वसन वाचले असेल, ते याचेच भावंड. एसटी सुटताना मारलेली धाव, पोते पाठीवर घेण्याचा तो एक क्षण, बैल बिथरल्यावर बाजूला घेतलेली उडी, हे सगळे हौदातले पाणी.

हौदातही दोन कप्पे आहेत. ही माहिती एकदम मिळाली नाही, तिला पंचवीस-तीस वर्षे लागली.

१९०७ मध्ये केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाच्या पायाच्या स्नायूंवर काम केले. त्यांच्या आधी अडचण ही होती की स्नायू कापून कुटायला घेतला की त्या कुटण्यानेच त्यात आम्ल तयार व्हायचे, त्यामुळे आधी किती होते ते कळतच नसे. त्यांनी स्नायू बर्फासारख्या थंड अल्कोहोलमध्ये टाकून कुटला. साधी युक्ती, पण तिने प्रश्न सुटला. आराम केलेल्या स्नायूत आम्ल अगदी थोडे, थकलेल्या स्नायूत भरपूर, आणि थकलेला स्नायू ऑक्सिजनमध्ये ठेवला की ते पुन्हा कमी होते. पुढे ए. व्ही. हिल यांनी मँचेस्टरमध्ये जिवंत, धावणाऱ्या माणसांवर हेच तपासले. हिल स्वतःही धावणारे होते. जोरात पळणे थांबले तरी धाप चालू राहते, का? कारण पळताना शरीराने ऑक्सिजन उधार घेतलेला असतो, तो नंतर फेडावा लागतो. त्यांनी याला ऑक्सिजनचे कर्ज म्हटले. कर्ज आणि फेड ही भाषा आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. हिल आणि जर्मनीचे मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल मिळाले. कर्जाची ही कल्पना पुढे बरीच दुरुस्त करावी लागली, कारण नंतरच्या धापेचा काही भाग नुसता शरीर तापल्यामुळेही असतो.

त्या काळात सगळे धरून चालले होते की स्नायू आखडतो तो लॅक्टिक आम्लामुळेच. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी एका रसायनाने आम्ल तयार होणेच बंद पाडले, तरी स्नायू काही वेळ आखडत राहिला. म्हणजे आम्लाच्याही आधीचा एक साठा होता. तो साठा हाती लागला होता, आणि शोधणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या शेजारचा होता.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातले भीमावरम. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादीचा कोट घातला, आणि इंग्रज प्राध्यापकाच्या रोषामुळे एम.बी.बी.एस.ऐवजी दुय्यम समजली जाणारी एल.एम.एस. पदवी घेऊन बाहेर पडावे लागले. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत काढली. ती आम्ही डॉक्टर मंडळी अजून 'फिस्के-सुब्बाराव' याच नावाने शिकतो. त्याच पद्धतीने स्नायू तपासताना १९२७ मध्ये त्यांना फॉस्फोक्रिएटिन सापडले आणि १९२९ मध्ये एटीपी. एटीपी त्याच वर्षी जर्मनीत लोमन यांनाही स्वतंत्रपणे सापडले. तुमच्या मांडीतले पहिल्या काही सेकंदांचे इंधन म्हणजे हे दोन पदार्थ. हत्तीपायाच्या सरकारी मोहिमेत डीईसीच्या गोळ्या वाटतात ना, ते औषधही पुढे सुब्बारावांच्या नेतृत्वाखालच्या प्रयोगशाळेतूनच आले. या माणसाचे नाव आपल्या शाळांत फारसे घेतले जात नाही, याचे मला दर वेळी नवल वाटते.

तर हौदाचे दोन कप्पे असे. पहिला एटीपी-फॉस्फोक्रिएटिनचा. पूर्ण जोर लावला तर साधारण दहा सेकंदांत तो बराचसा रिकामा होतो. दुसरा, साखर ऑक्सिजनशिवाय तोडून लॅक्टिक आम्ल करण्याचा. तो काही सेकंदांतच सुरू होतो आणि मिनिट-दोन मिनिटांच्या जोराच्या कामात सगळ्यांत मोठा वाटा उचलतो. शंभर मीटरची धाव मुख्यतः पहिल्यावर, चारशे मीटरची मोठ्या प्रमाणात दुसऱ्यावर.

आता मोजायचे कसे? स्नायूचा तुकडा काढून अल्कोहोलमध्ये टाकणे बेडकाला चालते, माणसाला नाही. म्हणून बाहेरून मोजायच्या युक्त्या निघाल्या. अमेरिकेत डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये साधी उभी उडी मोजली. उभ्या जागी हात वर करून खूण, मग उडी मारून खूण, दोहोंतले अंतर हीच ताकद. खडू आणि भिंत एवढेच सामान. इटलीत मार्गारिया यांनी १९६६ मध्ये जिना वापरला. माणसाने दोन-दोन पायऱ्या घेत जिन्यावरून पळत जायचे आणि ठरावीक पायऱ्यांमधला वेळ घड्याळाने मोजायचा. वजन, उंची आणि वेळ, तिन्ही माहीत झाले की शक्ती निघते. साठ किलोचा मुलगा तीन मीटर उंची तीन सेकंदांत चढला तर साधारण ५९० वॅट. जिना कुणाकडेही असतो, पण पाय घसरला तर दात पडतात. आणि उडी असो की जिना, दोन्ही फक्त पहिला कप्पा मोजतात. दुसऱ्या कप्प्याला अर्धा मिनिट तरी लागतो, आणि अर्धा मिनिट पळत चढायला जिना पुरत नाही.

इथे सायकल येते.

जागेवर उभी राहणारी मोजमापाची सायकल क्रीडाशास्त्राच्या आधीपासून आहे. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये चुंबकाने ब्रेक लागणारी सायकल केली, म्हणजे किती काम झाले ते अचूक मोजता यावे. (मधुमेही वाचकांसाठी: हेच क्रोग १९२२ मध्ये टोरंटोला जाऊन इन्सुलिन करण्याची परवानगी घेऊन आले. त्यांच्या पत्नी मारी यांना मधुमेह होता. युरोपात इन्सुलिन लवकर तयार होऊ लागण्यात या नवरा-बायकोचा मोठा वाटा आहे.) क्रोगची सायकल उत्तम, पण प्रयोगशाळेबाहेर कोण नेणार? १९५४ मध्ये स्वीडनच्या व्हिल्हेल्म फोन डोबेल्न यांनी साधी सायकल मांडली. पुढे एक जड चाक, त्याभोवती पट्टा, पट्टा ताणला की घर्षण वाढते, आणि ताण किती आहे हे लंबकासारखा काटा दाखवतो. विजेची गरज नाही. याच धर्तीची स्वीडनची मोनार्क सायकल पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. तिचे गणित इतके सोपे आहे की शेतकऱ्याच्या पोराने बोटांवर करावे: पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाच्या कडेवर सहा मीटर अंतर. पट्ट्यावर जितके किलो ताण, त्याला सहाने आणि फेऱ्यांनी गुणायचे, काम निघाले.

पण सुरुवातीची वीस वर्षे ही सायकलही नळच मोजत राहिली. १९५४ मध्येच ओस्ट्रँड आणि रिमिंग यांनी सहा मिनिटे मध्यम वेगाने सायकल चालवून नाडीवरून ऑक्सिजनची क्षमता काढण्याची पद्धत दिली. जगभरच्या डॉक्टरांना ती आवडली, आणि फिटनेस म्हणजे दम, दम म्हणजे ऑक्सिजन, असे समीकरण पक्के झाले. आजही आहे. मनगटावरचे घड्याळ 'व्हीओटू मॅक्स' सांगते आणि आपण खूश होतो. हौदाचे नाव कुणी काढत नाही. माझ्या मते ही एकांगी गोष्ट झाली.

ती थोडी सावरली ती लहान मुलांच्या डॉक्टरांमुळे. कॅनडाचे कमिंग यांनी १९७३ मध्ये मुलांच्या अभ्यासात तीस सेकंद पूर्ण जोराने सायकल मारण्याची चाचणी वापरली. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, इस्रायलमधल्या विंगेट इन्स्टिट्यूटच्या अयालोन, इनबार आणि बार-ऑर यांनी तिला नीट रूप दिले. ओडेड बार-ऑर हे बालरोगतज्ज्ञ. त्यांना महागडी उपकरणे नको होती. कोणत्याही सायकलवर, सुई न टोचता, रक्त न काढता, लहान मुलाला, अपंग मुलाला, बायका-पुरुषांना करता येईल अशी चाचणी हवी होती. पाय चालत नसतील त्यांच्यासाठी हाताने पॅडल फिरवण्याचा प्रकारही केला. तीच आजची विंगेट चाचणी.

या नावाची एक गंमत. संस्थेला नाव दिले आहे ते ब्रिटिश सेनाधिकारी ऑर्ड विंगेट यांचे. त्यांचा जन्म १९०३ मध्ये नैनितालचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढलेली चिंडिट फौज त्यांनी उभी केली, आणि मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून ते गेले. जगभरचे खेळाडू ज्या नावाने घाबरतात तो माणूस जन्मला भारतात आणि गेलाही भारतात. चाचणीशी मात्र त्यांचा काडीचा संबंध नाही.

चाचणी अशी: पट्ट्यावर ताण द्यायचा वजनाच्या दर किलोला ७५ ग्रॅम. नंतर लक्षात आले की तयारीच्या खेळाडूंना तो कमी पडतो, त्यांना ९० ते १०० ग्रॅम लागतात. मग तीस सेकंद, पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर. तीसच का? मिनिटभर ठेवले की माणूस हातचे राखून खेळतो, शेवटासाठी ताकद वाचवतो, आणि मोजायचे तेच निसटते. आणखी कमी ठेवले तर दुसरा कप्पा पुरता कामाला लागत नाही.

एक उदाहरण करू. साठ किलोचा तरुण. ताण साडेचार किलो. दर पाच सेकंदांना त्याचे फेरे मोजले: दहा, नऊ, आठ, साडेसहा, सहा, साडेपाच. एकूण पंचेचाळीस. पहिल्या पाच सेकंदांत काम झाले साडेचार गुणिले सहा गुणिले दहा, म्हणजे २७० किलो-मीटर. पाचाने भागून ९.८ ने गुणले की साधारण ५३० वॅट. वजनाने भागले तर दर किलोला जवळजवळ ९ वॅट. हा त्याचा सर्वोच्च जोर, म्हणजे पहिला कप्पा. संपूर्ण तीस सेकंदांची सरासरी निघते सुमारे ४०० वॅट. हा हौदाचा एकूण अंदाज. आणि दहा फेऱ्यांवरून साडेपाचवर आला, म्हणजे घसरण ४५ टक्के. तंदुरुस्त पण खास तयारी नसलेल्या तरुणाला हे आकडे शोभतात. ५३० वॅट म्हणजे पाऊण हॉर्सपॉवरच्या थोडे खाली. असे चार तरुण एकत्र केले तर ते पाच सेकंदांपुरते आपल्या विहिरीवरच्या तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीला जवळपास गाठतील. सहाव्या सेकंदापासून मात्र मोटारच जिंकणार!

चाचणी पूर्ण शुद्ध नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या तीस सेकंदांतही श्वासाचा नळ थोडा चालूच असतो. साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे कमी काम ऑक्सिजनवर होते. शिवाय ती मांड्यांची चाचणी आहे. पैलवानाच्या मानेची आणि खांद्याची ताकद तिला दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे स्वीडन-इस्रायलचे झाले, आमचा काय संबंध? उलट मला तर वाटते की ही चाचणी ज्यांना सगळ्यांत लागू पडते ते खेळ आपलेच आहेत. कबड्डीची चढाई किती वेळाची असते? तीस सेकंद. पंचाच्या घड्याळात आणि विंगेटच्या घड्याळात तेवढेच. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. खो-खोत पाठलाग करणारा काही सेकंद जीव तोडून पळतो, बसतो, पुन्हा उठून पळतो. हौद अर्धा भरतो न भरतो तोच पुन्हा उपसायचा. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे आपल्या शेजारच्या धाराशिवच्या. कुस्तीचे तर बोलायलाच नको. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले, तेव्हा विंगेट चाचणी जन्मलीही नव्हती. लाल मातीत वस्तादाच्या नजरेलाच तेव्हा मोजमाप म्हणत.

आणि लांबच्या शर्यतीतही शेवटी हौदच लागतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला. आठ मिनिटे अकरा सेकंदांची शर्यत, जवळजवळ सगळी दमाची. सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. ते पाच शतांश सेकंद शेवटच्या वेगाच्या धावेत असतात.

पण हे मोठे लोक झाले. मला काळजी आहे ती पहाटे रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या पोरा-पोरींची. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे वर्दी आपल्या डोळ्यांसमोर असते, आणि पोलीस भरती तर गावोगावी घराघरांत आहे. या भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण बघा: मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० च्या जागी ८००. म्हणजे पन्नासपैकी तीस गुण सरळ हौदाचे आहेत. तरी बहुतेक जण रोज फक्त लांब पळतात. दम वाढतो, जोर तिथेच राहतो. आणि मग भरतीच्या दिवशी, रात्रभर प्रवास करून, नीट न खाता, कधी उन्हात, एकदम जीव तोडून धावतात. मैदानावर तरुण कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

ज्यांच्या घरी सिकलसेल आहे त्यांनी इथे थांबून वाचा. सिकलसेलचा नुसता वाहक असणारा माणूस एरवी पूर्ण निरोगी असतो, त्याला माहीतही नसते. पण उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, विश्रांती न घेता पूर्ण जोराचे श्रम केले तर त्याच्यासाठी ते जिवावर बेतू शकते. किनवट-माहूरकडच्या वाचकांनी तर भरतीची तयारी सुरू करतानाच ही रक्ततपासणी करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात ती होते. वाहक आहात म्हणून धावणे सोडायचे नाही. हळूहळू वाढवायचे, पाणी प्यायचे, मध्ये थांबायचे, आणि पाय दगडासारखे होऊ लागले की त्याच क्षणी बसायचे.

आता जिममधल्या सायकलवर हे घरगुती पद्धतीने कसे करता येईल ते सांगतो. मोनार्क सायकल आपल्या भागातल्या जिममध्ये सहसा दिसत नाही, तिची गरजही नाही. जिथे ताणाचे आकडे असतात तिथे एक आकडा ठरवा. नुसती गोल कळ असेल तर तिच्यावर पेनाने खूण करा. ताण इतका की पहिल्या दोन-तीन सेकंदांनंतर पाय वेगात फिरतील, पण अगदी हलके वाटणार नाही. सीटची उंची लिहून ठेवा. आधी पाच मिनिटे हलके फिरवा, मध्ये दोनदा चार-पाच सेकंद जोर लावून बघा, मग दोन मिनिटे सावकाश. त्यानंतर मित्राने घड्याळ धरायचे आणि एका पायाचा गुडघा किती वेळा वर आला ते मोजायचे, किंवा मोबाइलवर चित्रण करून नंतर मोजायचे. तीस सेकंद, बसूनच, राखून न ठेवता. पहिल्या दहा सेकंदांचे फेरे आणि एकूण फेरे, दोन आकडे वहीत. स्क्रीनवर वॅट दिसत असतील तर तेही लिहा, पण दोन कंपन्यांच्या सायकलींचे वॅट जुळत नाहीत, तेव्हा शेजाऱ्याशी तुलना करू नका. तुलना स्वतःशी, त्याच सायकलवर, त्याच खुणेवर, सहा आठवड्यांनी.

संपल्यावर एकदम उतरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ताण काढून तीन ते पाच मिनिटे पाय फिरवत राहा. मांड्यांत उतरलेले रक्त पायांच्या हालचालीनेच वर येते. थांबलात तर चक्कर येऊन पडाल. मळमळ होणे, क्वचित उलटी होणे हे या चाचणीत नवीन नाही, म्हणून आधी दोन-तीन तास जेवायचे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. ते मात्र लॅक्टिक आम्लाने नव्हे. ते तर तासाभरात रक्तातून निघून जाते, आणि हृदय व इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोगही करतात. दुसऱ्या दिवसाचे दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचे असते. म्हणजे आपला 'आंबणे' हा शब्द श्रमाच्या वेळेपुरता बरोबर, दुसऱ्या दिवसासाठी नाही.

हे कुणी करू नये? रक्तदाब काबूत नसलेल्यांनी, चालताना छातीत भरून येणाऱ्यांनी, हृदयाची गोळी चालू असलेल्यांनी, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्यांनी, गरोदर बायकांनी, हर्निया असलेल्यांनी. तापातून नुकते उठला असाल तर दोन आठवडे थांबा. चाळिशी ओलांडली असेल आणि कधी व्यायाम केला नसेल, किंवा घरात कमी वयात हृदयविकाराने कुणी गेले असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. पूर्ण जोराच्या श्रमात रक्तदाब एकदम चढतो. तो तरुण रक्तवाहिनी सहन करते, कडक झालेली करेलच असे नाही.

मग या मंडळींनी जोर मोजायचाच नाही का? मोजायचा, कारण म्हातारपणी सगळ्यांत आधी जोरच जातो. दम राहतो, पण शौचाला बसून उठता येत नाही, अंगणात ठेच लागली की तोल सावरायला पाय वेळेत पुढे पडत नाही, आणि खुब्याचे हाड मोडते. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या रिक्ली आणि जोन्स यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी आहे, आणि योगायोगाने तीही तीस सेकंदांचीच. भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची, साधारण १७ इंच उंच. दोन्ही हात छातीवर घडी घालून पूर्ण उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. तीस सेकंदांत किती वेळा उठलात ते मोजायचे. शेजारी कुणीतरी उभे असावे. ६० ते ६४ वर्षांच्या पुरुषाने चौदापेक्षा कमी आणि बाईने बारापेक्षा कमी उठले तर ते सरासरीच्या खाली, असे तिकडचे मापदंड सांगतात. आपल्याकडे आयुष्यभर खाली बसून-उठून कामे केलेल्या आजींना ते सोपे जाते असे मी पाहिले आहे, आणि शहरात मुलाकडे राहून दोन वर्षे सोफ्यावर बसलेल्या आजोबांना अवघड. पुढच्या तपासणीला याल तेव्हा शुगरच्या रिपोर्टाबरोबर हा आकडाही चिठ्ठीवर लिहून आणा.